कसब्यातला जळालेला वाडा: दुरुस्ती करावी की उतरवून नवा बांधावा?

तीनखणी_कसबा (प्रश्न)

कसबा पेठेत आमचा जुना वाडा आहे. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर माळा. मागच्या आठवड्यात माळ्यावर आग लागली. मागच्या बाजूच्या तीन खणांचे (खांबांमधल्या गाळ्यांचे) छप्पर पूर्ण गेले. चौकाच्या दोन बाजूंना पहिल्या मजल्याचा कडीपाट (तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या अशी लाकडी जमीन) काळा पडला आहे, काही तुळया वरून कोळसा झाल्यासारख्या दिसतात. जोते, रस्त्याकडची भिंत, दिंडी दरवाजा आणि सज्जा शाबूत आहे. खाली एक दुकान आणि एक कुटुंब, दोन्ही जुने भाडेकरू.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये आहे. मोबाइलच्या नकाशावर शनिवारवाड्याच्या तटापासून अंतर ११० मीटरच्या आसपास येते. 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी चालू आहे. धोकादायक इमारतीची नोटीस येईल असे क्षेत्रीय कार्यालयातून सांगून गेले आहेत. एका बिल्डरचे म्हणणे आहे की सगळे उतरवून टाका, मोकळ्या प्लॉटवर परवानगी लवकर मिळते.

विचारायचे आहे ते असे. उतरवावे का? परवानग्या कोणाकडून आणि कोणत्या क्रमाने घ्यायच्या? जळालेल्या लाकडातले काय ठेवता येते? आणि जूनच्या पावसाआधी काय करून घ्यायलाच हवे?

गावठाण_नियम

परवानगीचा कागद हातात येईपर्यंत उभे असलेले काहीही उतरवू नका. बिल्डरचा सल्ला कोथरूडच्या प्लॉटवर चालेल, शनिवारवाड्याजवळ तो तुमचे कायमचे नुकसान करू शकतो.

शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकामही नाही आणि पुनर्बांधणीही नाही. तिथे कलम २०-सी खाली फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते, तेही इमारत १६ जून १९९२ पूर्वीपासून उभी असेल किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने बांधलेली असेल तर. जुनी इमारत पाडून त्याच मापाची, त्याच उंचीची पुन्हा उभी केली तरी कायदा तिला पुनर्बांधणीच म्हणतो. म्हणजे आज तुमच्याकडे जळालेला का होईना, पण वाडा आहे, आणि वाड्याची दुरुस्ती होऊ शकते. उतरवलात की उरतो मोकळा प्लॉट, आणि तो १०० मीटरच्या आत निघाला तर त्यावर तुम्हाला काहीच बांधता येणार नाही. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता तुमचे ११० मीटर. हे अंतर तटाच्या दगडापासून नव्हे, स्मारकाच्या अधिसूचित संरक्षित हद्दीपासून धरतात. मोबाइलचा नकाशा दहा मीटर सहज इकडेतिकडे करतो. त्यामुळे तुम्ही ९६ वर आहात की ११२ वर, हे आधी कागदावर आणा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढा, परवानाधारक सर्व्हेअरकडून वाड्याच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यापासून मोजणी करून घ्या आणि पुरातत्त्व खात्याकडून अंतराची लेखी खातरजमा मिळवा. पुढचे सगळे या एका आकड्यावर ठरते.

विनियमित क्षेत्रात पडलात तर मार्ग मोकळा आहे, फक्त वेळखाऊ. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि त्यानंतर एका महिन्यात निर्णय. ही कायद्यातली मुदत झाली. अर्जात त्रुटी निघाली की घड्याळ पुन्हा सुरू होते, म्हणून नकाशावरची मापे आणि मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्रफळ जुळतेय का ते आधी तपासा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. प्राधिकरण उंची मंजूर करते ती जिन्याची टोपी, कठडा आणि पाण्याची टाकी धरून. टाकी नंतर वर चढवू, असा हिशेब इथे चालत नाही.

महापालिकेची बाजू वेगळी. तिच्या हेरिटेज सेलला (वारसा कक्षाला) आजच लेखी कळवा: आग लागली, एवढे नुकसान आहे, तात्पुरते टेके लावतोय. सोबत फोटो जोडा. श्रेणी ३ च्या इमारतीला, ती आगीत सापडली असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर वारसा समितीच्या संमतीने पुनर्बांधणीला वाव असतो. पण हा वाव महापालिकेच्या नियमातला. केंद्राच्या १०० मीटरला तो ओलांडू शकत नाही, आणि याच ठिकाणी लोक फसतात. दुसरा सापळा असा: आगीने पडलेला भाग मंजूर नकाशाप्रमाणे तेवढाच पुन्हा उभारायला वेगळी परवानगी लागत नाही, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. बहुतेक वाड्यांना मंजूर नकाशाच नसतो, आणि वारसा यादीतल्या इमारतीने त्या सवलतीवर विसंबू नये.

नोटीस आली की तिची भाषा बघा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त 'पाडा' असेही सांगू शकतात आणि 'सुरक्षित करा, दुरुस्त करा' असेही. नोटीस निघण्याआधीच स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि टेके लावल्याचे फोटो क्षेत्रीय कार्यालयात आवक शिक्क्यासह दिलेत, तर 'दुरुस्त करा' लिहून येण्याची शक्यता बरीच वाढते. पाडण्याची नोटीस आलीच तर ती फक्त मागच्या तीन खणांपुरती मर्यादित ठेवण्याची लेखी मागणी करा.

चुना_आणि_सागवान

परवानग्यांचे वर आले आहे. मी लाकूड आणि भिंतींबद्दल लिहितो, कारण परवानगी येईपर्यंत वाडा उभा राहिला पाहिजे.

आगीनंतर वाडे पडतात ते बहुतेक वेळा पाण्याने. बंबाचे पाणी कडीपाटावरच्या मातीच्या थरात मुरलेले असते. १५ सेंटीमीटरचा ओला थर चौरस मीटरला २८० किलोच्या घरात जातो, आणि राहत्या घराच्या जमिनीवर माणसे-सामान मिळून २०० किलो धरायची पद्धत आहे. म्हणजे जळून बारीक झालेल्या कड्यांवर कोणी उभे नसतानाच जास्तीचा भार बसलाय. पांढऱ्या मातीच्या भिंतीचेही तेच. आतून ओली झाली की ती आठ-पंधरा दिवसांनी पोट काढते. आता गिलाव्यात उभी चीर किंवा फुगवटा दिसला तर त्या भिंतीखाली कोणालाही थांबू देऊ नका. भाडेकरू कुटुंब तिथे झोपत असेल तर आजच हलवा.

टेके लावताना होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या मजल्यावर लोखंडी जॅक उभे करून वरच्या तुळया उचलायच्या आणि खाली तळमजल्यावर काहीच नाही. मग सगळा भार खालच्या कडीपाटावर येतो. टेका वरपासून जमिनीपर्यंत एका रेषेत हवा, खाली-वर ५० मिलिमीटर जाडीची फळी, तुळईखाली दर सव्वा ते दीड मीटरला एक. जॅक फक्त हाताने घट्ट होईल इतकाच आवळा. बसलेली तुळई एका दिवसात जागेवर आणायला गेलात तर वरची भिंत चिरते. चौकाकडचे खांब एकमेकांना आडव्या-तिरप्या वाशांनी बांधा, कारण छप्पर गेल्यावर त्यांना वरून धरणारे काही उरलेले नाही.

कडीपाटावरची ओली राख-माती हळूहळू काढा, एका बाजूने सगळी नाही, दोन्ही बाजूंनी समान. खाली उतरवताना घमेल्याने, ढकलून नाही. मागच्या अंगणात सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे असू शकतात, आगीत ते तडकतात. फोडू नका, पाणी शिंपडून अख्खे उतरवा, तोंडाला नुसता रुमाल किंवा साधा एन-९५ न लावता पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लावा.

आता लाकूड. सागवान बाहेरून कोळसा झाले म्हणजे गेले असे नाही. लाकूड साधारण ३०० अंशांच्या पुढे कोळशात बदलते, आणि सागासारख्या घट्ट लाकडात हा थर मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आत सरकतो. कोळसा स्वतःच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. कोळसा खरवडून काढायचा आणि त्याखालचे आणखी ७ मिलिमीटर निकामी धरायचे. उरलेले पक्के लाकूड.

हिशेब करून बघू. तुळई २०० बाय २५० मिलिमीटर, खालून आणि दोन्ही बाजूंनी ४० मिनिटे आग. प्रत्येक उघड्या बाजूचे २० अधिक ७, म्हणजे २७ मिलिमीटर गेले. उरली १४६ बाय २२३. वाकण्याविरुद्धची ताकद रुंदी गुणिले उंचीच्या वर्गावर ठरते, त्या हिशेबाने मूळच्या ५८ टक्के उरते. अशी तुळई फेकायची नसते. तिच्या शेजारी जोड तुळई देऊन बोल्टने बांधता येते, किंवा मधोमध आधार देऊन तिचा गाळा कमी करता येतो. याउलट १०० मिलिमीटरच्या कडीचे तेवढ्याच आगीत १०० चे ४६ होतात. त्या बदलाव्याच लागतात. तुमच्याकडेही मोठ्या तुळया आणि खांब बरेचसे वाचतील, कड्या आणि पाट बरेचसे जातील.

दोन जागा मात्र बारकाईने तपासा. एक, भिंतीत शिरलेली तुळईची टोके. तिथे आगीपेक्षा जुनी कूज आणि वाळवी जास्त असते. जाड दाभण खुपसून बघा, सहज आत गेले तर टोक गेले. दुसरी, जिथे लोखंडी खिळे, पट्ट्या किंवा बोल्ट आहेत ती. लोखंड उष्णता आत नेते, त्यामुळे भोकाभोवती कोळसा जास्त खोल असतो आणि वरून दिसत नाही. खांबाखालचे तळखडे आणि जोत्याचा काळा दगडही हातोडीने वाजवून बघा. तापलेल्या दगडावर एकदम पाणी पडले की त्याचे पापुद्रे सुटतात. आवाज भदभद आला तर तो दगड भार घेणारा धरू नका.

मधल्या काळात कोणी लोखंडी गर्डर टाकले असतील तर सरळ आहेत का एवढे दोरीने बघा. लोखंड ५५० ते ६०० अंशांना निम्मी ताकद गमावते, पण थंड झाल्यावर वाकलेले नसेल तर बहुतेक परत मिळवते. वाकलेला गर्डर ठोकून सरळ करून वापरू नका.

वाडा_भाडे_कायदा

भाडेकरू आणि विमा या दोन्हींत उशीर करू नका.

वाडा जळाला म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला असे कोणी सांगितले तर मानू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ (ई) प्रमाणे आगीत जागेचा महत्त्वाचा भाग निकामी झाला तर भाडेपट्टा संपवायचा की नाही हे ठरवायचा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नाही. इमारत पडली तरी भाडेकरार आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. म्हणून दोघांशी आत्ताच बसून लेखी ठरवा: कोणाची जागा किती चौरस फूट, कुठल्या बाजूला, तात्पुरते कुठे जाणार आणि काम झाल्यावर तेवढीच जागा परत. मोजमाप आर्किटेक्टकडून, दोघांच्या सह्यांसह, फोटो जोडून. हा तक्ता पुढे महापालिकेतही लागतो, आणि भिंती हलल्यानंतर तो कोणालाच नीट करता येत नाही. दुरुस्तीच्या मार्गाने गेलात तर भाडेकरूला तात्पुरते हलवून परत आणणे सोपे असते. उतरवून बांधायचे म्हटले तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली न्यायालयात नकाशे, पैशाची तयारी आणि जागा परत देण्याची हमी दाखवावी लागते.

विम्यासाठी सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जळका माल जागेवरच ठेवा. धोक्यामुळे हलवावाच लागला तर आधी फोटो आणि व्हिडिओ, मग वाड्यातच दुसऱ्या कोपऱ्यात रचा. अग्निशमन दलाचा अहवाल आणि पोलिस पंचनामा दोन्ही मागून घ्या. आगीचे कारण विजेचे असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवालही लागतो. 'भारत गृह रक्षा' मध्ये मान्य दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी आणि २ टक्क्यांपर्यंत राडारोडा हलवण्याचा खर्च मिळतो. बरेच जण तो मागतच नाहीत. पावत्या वेगवेगळ्या नावांनी ठेवा, 'बांधकाम किरकोळ' अशा एका बिलात सगळे घालू नका.

तीनखणी_कसबा

खूप उपयोगी. टेके उद्या सुरू करतो, कुटुंब आजच हलवले. एक प्रश्न राहिला. इंजिनिअरने सुचवले आहे की पुढची भिंत आणि दिंडी दरवाजा तसाच ठेवून मागे पूर्ण आरसीसी फ्रेम करावी. बाहेरून वाडा दिसेल, आतून नवे. वारसा समिती मान्य करते का?

चुना_आणि_सागवान

समितीने मान्य केले तरी १०० मीटरच्या आत असाल तर ती दुरुस्ती ठरणार नाही, हे आधी लक्षात घ्या. बाहेर असाल तरी मी तो मार्ग घेणार नाही. कारण सांगतो.

आरसीसी फ्रेमला स्वतःचे पाये लागतात, म्हणजे जोत्याला खेटून खोल खड्डे. जोत्याचा पाया उथळ असला तर शेजारी खणताच भिंत खाली बसायला लागते, आणि तुमच्या दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींनाही तेच. कसब्यात जमिनीखाली जुने बांधकाम, आड किंवा पेशवेकालीन पाण्याचा भुयारी नळही लागू शकतो. तो लागला की काम थांबते. शिवाय मागचा आरसीसीचा सांगाडा आणि पुढची लाकूड-मातीची भिंत भूकंपात वेगवेगळ्या हलतात. पुणे भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते. दोघांना घट्ट जोडलेत तर भिंत फाटते, मोकळे सोडलेत तर ती एकटी उभी राहते.

तुमच्याकडे जोते, खांब आणि पुढचा अर्धा भाग धडधाकट आहे. लाकडी सांगाडाच पुन्हा भरा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये उतरवलेल्या वाड्यांचा जुना सागवान शोधा. तो चांगला सुकलेला असतो आणि नव्या कापाच्या लाकडासारखा वर्षभरात पिळत नाही. घेताना खिळ्यांची भोके आणि जुन्या खाचा मोजा. मधल्या तिसऱ्या भागात खालच्या अंगाला मोठी खाच असलेली तुळई घेऊ नका.

भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात नको. आत मुरलेले पाणी बाहेर यायला वाट हवी, सिमेंट ती बंद करते, मग पाणी लाकडाच्या टोकाकडे जाते. चुना किमान दोन-तीन आठवडे भिजवून, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. १२ मिलिमीटरच्या हाताला १० चौरस मीटरसाठी साधारण ०.१६ घनमीटर माल लागतो, म्हणजे चुना ०.०४ आणि वाळू ०.१२. पण गिलावा पावसाळा संपल्यावर. ओल्या भिंतीवर आत्ता चढवलेला दिवाळीपर्यंत पोपडे होऊन पडेल. काजळी मात्र आताच काढा, तीही आधी कोरड्या कुंच्याने. पाणी मारलेत तर ती आत जाऊन बसते.

जूनआधी सगळ्यात मोठे काम छप्पर. कायमचे नाही, तात्पुरते: लोखंडी परांचीचा सांगाडा भिंतींना न टेकता जमिनीवरून वर घ्या, त्यावर पत्रे, चौकाच्या बाहेर पाणी पडेल असा उतार. नुसती ताडपत्री भिंतींना बांधलीत तर पहिल्या वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि भिंतीचा वरचा थर घेऊन जाते. उघड्या भिंतींच्या डोक्यावर विटांचे दोन थर चुन्यात बसवा. शेजाऱ्याची सामाईक भिंत तुमच्या बाजूने उघडी पडली असेल तर तीही झाका. ती ओली झाली तर भांडण तुमच्याशीच होणार.

गावठाण_नियम

तात्पुरत्या छपराबद्दल एक जोड: हेरिटेज सेल, क्षेत्रीय कार्यालय आणि पुरातत्त्व खाते, तिघांना 'तात्पुरते संरक्षणात्मक छत, काम पूर्ण होताच काढणार' असे लिहून उंचीसह कळवा. न कळवता पत्रा दिसला की तक्रार येते आणि मग मुख्य अर्जही अडकतो.

वायरिंग_पेठ

नव्याने भरताना पुढची आग अडवायची सोयही करून घ्या. पेठेतल्या वाड्यांत आग पसरते ती माळ्यावरून. एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली मोकळी पोकळी असते. सामाईक भिंत कौलांच्या पोटापर्यंत विटांनी बंद करा, वासे जातात तिथल्या फटी चुन्याने भरा.

कडीपाटावरचा माती-चुन्याचा थर वजन कमी करायला म्हणून काढून वर प्लायवूड टाकायला सांगतील. तसे करू नका. हाच थर खालची आग वरच्या मजल्यावर जायला वेळ लावतो. वजन कमी करायचे तर १५ सेंटीमीटरचा १० करा.

वायरिंग लोखंडी पाइपातून, तांब्याची एफआरएलएस (आग लवकर न धरणारी, कमी धूर करणारी) वायर. लाकडावर उघडी केसिंग-पट्टी नको. प्रत्येक भाडेकरूला वेगळी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). गिझर आणि दुकानाचा फ्रीज वेगळ्या सर्किटवर. मीटरचा बोर्ड लाकडी जिन्याखाली असतो, तो हलवून दगडी भिंतीवर घ्या, म्हणजे आग लागली तरी बाहेर पडायचा रस्ता मोकळा राहतो. महावितरणकडे जुने मीटर कायमचे बंद करू नका. तात्पुरते बंद करून जागा बदलण्याचा अर्ज द्या, नाहीतर नव्या जोडणीसाठी सगळी कागदपत्रे पुन्हा लागतात.

चुना_आणि_सागवान

आणि सुतार येण्याआधी प्रत्येक लाकडाला क्रमांक द्या. भाग, खण, बाजू, नग असा: 'मा-२-उ-४' म्हणजे मागचा भाग, दुसरा खण, उत्तर बाजू, चौथी कडी. खडूने नको, पावसात जातो. पत्र्याची छोटी पट्टी खिळ्याने ठोका. तोच क्रमांक आर्किटेक्टच्या नकाशावर आणि फोटोच्या नावात. पुरातत्त्व खात्याला, समितीला आणि विमा सर्व्हेअरला एकच यादी दाखवता येईल: एवढे जुने परत बसवले, एवढे बदलले. दुरुस्तीच केली, नवे बांधले नाही, याचा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच.